सदुसष्ट नंबरचा चिमटा

हॅरोबी फेन, लिंकनशर
मंगळवार (तारीख विचारायला खाली जावं लागेल, ऑक्टोबर संपत आलाय एवढं नक्की)

तीर्थस्वरूप लव्हडे मावशीस,

तुझ्या जोरीचा नमस्कार. आधी तुझ्या डाव्या गुडघ्याला, मग उजव्याला, आणि मग वर उरलेल्या तुला. तिकडे दमट हवा सुरू झाली असेल, तेव्हा गुडघे कसे आहेत ते खरं खरं कळव. मागच्या पत्रात नुसतं 'बरे आहेत' एवढंच होतं, आणि तू 'बरं आहे' म्हणालीस की काय समजायचं ते मी लहानपणापासून ओळखून आहे. टिंकरचा कान दुखायचा थांबला का, की अजून शेपूट घालून कोपऱ्यात बसतो? चॅपलच्या छपरावर टाकलेली ताडपत्री अजून तग धरून आहे, की प्रार्थनेला पुन्हा छत्र्या उघडून बसता? मी ठणठणीत आहे. जेवतो, पायमोजे बदलतो आणि (तू विचारायच्या आधीच सांगतो) केस कापलेत.

गेल्या सोमवारी पाठवलेलं पार्सल तुला मिळालं असेलच. त्यात माझा हिरवा कोट आहे. काटेरी तारेत अडकून अस्तर फाटलं, शिवून ठेव, असं मी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. मावशी, कोट अजून शिवायला घेतला नसशील तर घेऊ नकोस. शिवणकाम आलं की तू ते आधी पंधरा दिवस खिडकीजवळच्या खुर्चीवर मुरायला ठेवतेस, या सवयीवर मी आजवर पुष्कळ बोललो आहे. ते सगळं परत घेतो. कोट आहे तिथेच राहू दे. उजव्या खिशात हात घातलास तरी हरकत नाही, पण डाव्या खिशात कुणीही हात घालायचा नाही. तू नाही, आणि टिंकरने नाकसुद्धा नाही. त्या डाव्या खिशावर इथल्या एका म्हाताऱ्या माणसाची एकोणीस वर्षांची अब्रू आणि एका बाईचा चालता कारखाना टांगलेला आहे. कसा, ते सांगायचं तर जरा मागून यावं लागेल. तेव्हा खुर्चीत नीट बस. (कोटाच्या खुर्चीत नको.)

मेमध्ये कॉर्नवॉलहून, तुझ्याकडून निघालो तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ग्रिम्सबीला, हे तुला ठाऊकच आहे. तिथून मासेमारीच्या बोटीवर चढायचं आणि आइसलंड बघून यायचं, असं ठरलं होतं. ग्रिम्सबी चाळीस मैलांवर राहिलं असताना बस या हॅरोबी फेनमधून जात होती. हा मुलूख परातीसारखा सपाट. जिकडे बघावं तिकडे बीट, कोबी, आणि पाण्याने भरलेले पट्टीने आखल्यासारखे चर. अशा ठिकाणी नजर जमिनीवर टिकत नाही, ती आपोआप वर जाते. वर गेली तर आकाशात आपल्या जेवणाच्या टेबलाएवढं पिवळं विमान, उलटं होऊन चाललेलं. मी बस थांबवून उतरलो. नीट बघून घ्यायचं आणि पुढची बस पकडायची, असा बेत होता. पुढच्या बसला आता पाच महिने होतील.

मी कुंपणाशी पोचतो न पोचतो तोच ते विमान दोनदा खोकलं आणि बीटात जाऊन बसलं. मी ते उचलून आणलं. कडेला टोपी घातलेला एक उंच, थोडा वाकलेला म्हातारा उभा होता. गळ्यातल्या पट्ट्याला पेटी टांगलेली, पेटीतून लांबलचक एरियल निघालेली. त्याने आभार मानले नाहीत की नाव विचारलं नाही. पडायच्या आधी काय पाहिलंस ते सांग, म्हणाला. मी सांगितलं, की दोनदा खोकलं, शेपटी हलायची थांबली नव्हती, नाक खाली गेलं ते हळूहळू गेलं. त्यावर तो म्हणाला, आमच्या क्लबात अठ्ठावीस माणसं आहेत. कुणालाही विचारा, विमान का पडलं ते सांगतो. काय दिसलं ते सांगणारा तूच पहिला. हे मिस्टर ऑब्री डॉबर. त्याच दिवशी मी त्यांच्या माळ्यावर राहायला गेलो. मावशी, शाळेत मला कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं (मी शाळेत फारसा नसायचो हेही खरं). ते वाक्य लक्षात ठेव, पुढे ते माझ्या उरावर बसणार आहे.

मिस्टर डॉबर पूर्वी लष्कराच्या रेडिओ-दुरुस्तीखात्यात होते. अशी विमानं जमिनीवरून ज्या रेडिओसेटने उडवतात (हातात एक पेटी, विमानाच्या पोटात एक डबी, आणि सुकाणू हलवायला चिमुकल्या मोटारी), त्या सेटांची ते चाचणी घेतात. प्रत्येक कारखानदार म्हणतो आमचा सेट एक मैल चालतो. म्हणणारा तोच आणि विकणाराही तोच, तेव्हा तिसऱ्या कुणीतरी बघायला हवं, एवढंच मिस्टर डॉबरांचं म्हणणं, आणि ते गेली एकोणीस वर्षं 'पडताळा' नावाच्या चार पानी पत्रकातून ते म्हणताहेत. वाचणारे चारशे तीस. पण दुकानदारही 'पडताळा' वाचल्याशिवाय माल मागवत नाहीत, म्हणून कारखानदार त्यांना वचकून असतात. सेट कधीही कारखान्यातून मागवायचा नाही, कारण ते निवडून पाठवतात. दोन वेगळ्या गावांतून, दोन वेगळ्या नावांनी, एकाच जातीचे, एकाच नंबरचे दोन सेट विकत आणायचे. (मी इथून जवळच्या बोस्टन गावात मिस्टर फेदरस्टोन आहे. लिंकनमध्ये मी धर्मोपदेशक आहे, आणि तिथल्या दुकानदाराने मला त्याच्या सासूसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. केली.) कुणाकडूनही काही घ्यायचं नाही. मध्यंतरी एका कंपनीने सुक्या मेव्याचा केक पाठवला. मिस्टर डॉबरांनी तो वजन करून परत पाठवायला काढला, तेव्हा वजन डब्यावरच्या आकड्यापेक्षा कमी भरलं. पुढच्या अंकात ठळक छापून आलं: 'सहाय्यकाने एक फोड खाल्ली. निकालावर परिणाम झालेला नाही.' चारशे तीस घरांत मी केकखाऊ म्हणून ठाऊक आहे.

सेट आणला की आधी तो बर्फाच्या कपाटात वाटाण्यांशेजारी झोपतो, मग मंद आचेच्या भट्टीत बसतो, मग कपडे धुण्याच्या यंत्रावर दोरीने बांधून त्याला गदागदा हलवतात. (यंत्र रिकामं फिरवणं मिस्टर डॉबरांना पटत नाही, त्यामुळे माझे शर्ट 'पडताळा'च्या वेळापत्रकाप्रमाणे धुतले जातात. सप्टेंबरात एकही नवा सेट आला नाही. तेव्हाचं विचारू नकोस.) शेवटी पल्ल्याची चाचणी, आणि तिथे मी येतो. सेट किती लांबवर ऐकू येतो हे कळायला कुणीतरी लांब जावं लागतं. मिस्टर डॉबर पेटी घेऊन उभे राहणार, मी विमान काखेत मारून पावलं मोजत चालत सुटणार, शेपटी थरथरायला लागली की हात वर करणार. मावशी, बावीस वर्षं ज्या एका गोष्टीबद्दल मी बोलणी खाल्ली, तीच इथे नोकरी आहे: उठून लांब जाणे. फक्त सरळ रेषेत जायचं असतं, आणि ते अवघड आहे. एकदा दोनशे तीस पावलांवर मी बगळा बघायला वळलो आणि अख्खी चाचणी पहिल्यापासून करावी लागली. अशा सगळ्यातून सेट पार पडला की अहवालाखाली तीनपैकी एक शेरा: 'घ्यावा', 'घेऊ नये', किंवा 'दुरुस्त होण्याजोगा'. चौथा शेरा नाही.

आता चिमट्याचं नीट वाच, कारण सगळं त्याच्यावर आहे. प्रत्येक सेटला नंबर असतो. एकाच नंबरच्या दोन पेट्या एका वेळी चालू झाल्या, की कुणाचं ऐकावं ते विमानाला कळत नाही. टिंकरला तू परसातून आणि मी फाटकातून एकदम हाक मारली की तो गोल फिरून हौदात पडतो, तसं. म्हणून क्लबच्या झोपडीच्या दाराशी एक फळी ठोकली आहे, आणि फळीवर ओळीने कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर लाल रंगात नंबर. आपल्या नंबरचा चिमटा उचलायचा, आपल्या एरियलला लावायचा, मगच पेटी चालू करायची. उडवून झालं की चिमटा परत फळीवर. चिमटा ज्याच्याकडे, हक्क त्याचा. चिमटा नाही तर पेटीला बोट लावायचं नाही, साक्षात राणी आली तरी नाही. फळीवर पहारा सिरिल सोवर्बीचा. त्याने चाळीस वर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलं, आता चिमटे सांभाळतो, आणि दोन्ही ठिकाणी माणसं उगाच घाई करतात असं त्याचं ठाम मत आहे.

या महिन्यात चाचणीला आला 'टिटवी' नावाचा सेट. तो करतात थर्झा माल्टबीबाई, हॉर्नकासलच्या एका बंद पडलेल्या चॅपलमध्ये, सहा बायकांना घेऊन. बाई विधवा आहेत, आणि एके काळी लष्कराच्या त्याच खात्यात मिस्टर डॉबरांच्या शेजारच्या बाकावर तारांना डाग द्यायच्या. 'टिटवी' हा त्यांचा पहिला मोठा सेट. 'पडताळा'त 'घ्यावा' आलं तर नाताळाच्या मागण्या येणार. 'घेऊ नये' आलं तर चॅपलला पुन्हा कुलूप, या वेळी सहा बायका बाहेर ठेवून. आणि मावशी, मिस्टर डॉबरांचा या बाईंवर जीव आहे. बाईंची गाडी रस्त्याने गेली की ते टोपी काढतात, गाडी अर्ध्या मैलावर असली आणि बाईंना दिसणं शक्य नसलं तरी. म्हणूनच पक्षपात नको म्हणून त्यांनी 'टिटवी'ला इतर सेटांच्या दुप्पट वेळ बर्फात ठेवलं, आणि भट्टीत तर माझे पायमोजे वाळेपर्यंत. बिचारी सगळ्यातून पार पडली. (हे तुझ्यामाझ्यात. मी हे ओळखलंय असं त्यांना कळलं तर मला ग्रिम्सबीपर्यंत पावलं मोजत जावं लागेल.)

राहिली ती आकाशातली पल्ल्याची चाचणी. गेल्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी मिस्टर डॉबरांनी पिवळ्या विमानात 'टिटवी' बसवली आणि मला सदुसष्ट नंबरचा चिमटा आणायला पिटाळलं. चिमटा मी लगेच घेतला, पण सिरिलने मला धरलं आणि प्रदर्शनात त्याच्या लीकच्या कांद्याला दुसरं बक्षीस का मिळालं (पहिलं ज्याला मिळालं तो परीक्षकाचा भाचा) ते मुळापासून सांगितलं. मी परत येतो तर इंजिन सुरू, वारा वाढत चाललेला, मिस्टर डॉबरांची नजर विमानावर खिळलेली. त्यांनी हनुवटीनेच खूण केली, की जा, चालायला लाग. मी चिमटा कोटाच्या डाव्या खिशात टाकला आणि चालायला लागलो. मी आणायला गेलो होतो म्हणजे चिमटा आला, असं त्यांनी धरलं. त्यांनी मागितला नाही म्हणजे लागत नसेल, असं मी धरलं. माझ्या खांद्याला पिशवी होती, आणि दुपारच्या फेरीसाठी पिशवीत दुसरी 'टिटवी', तिचाही नंबर अर्थात सदुसष्ट.

चारशे बारा पावलांवर चर लागला. तिथे उभं राहून विमान डोक्यावरून जाताना कसं वागतं ते लिहून घ्यायचं, एवढंच माझं काम. पण चराच्या काठी एक वाम पकडणारा माणूस बसला होता, आणि त्याच्या टोपलीत तीन वामी एकमेकींच्या गाठी मारत होत्या. तू असतीस तर तूही थांबली असतीस. आम्ही बोलायला लागलो. त्याने पिशवीत काय आहे विचारलं. मी 'टिटवी'ची पेटी काढून दाखवली. त्याने ती उलटीसुलटी केली आणि ओठ मुडपून विचारलं, चालतं का हे? मावशी, मला राग आला. बर्फ, भट्टी, धुण्याचं यंत्र, सगळ्यातून गेलेली पेटी, आणि हा गृहस्थ असं विचारतो. तरीही मी बेशिस्त वागलो नाही. आधी खिशात हात घालून पाहिलं: सदुसष्टचा चिमटा माझ्याकडे. म्हणजे हक्क माझा. नियम पाहिला, विमान मात्र पाहिलं नाही. मी पेटी चालू केली, तिच्यावरचा काटा डौलात वर चढला, आणि डोक्यावरचा आवाज बदलला. पिवळं विमान पाठीवर पडलं, एक गोल घेतला आणि नाकावर बीटात गेलं. वामवाल्याने विमानाकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं.

"चालतं म्हणायचं," तो म्हणाला, आणि टोपली उचलून निघून गेला.

मी पेटी बंद करून पिशवीत कोंबली. मिस्टर डॉबर आले. नऊ वर्षांचं विमान काड्या होऊन पडलेलं, पण त्यांनी आधी विचारलं, किती पावलं? मी म्हणालो चारशे बारा. त्यांनी लिहून घेतलं. मग वर बघून विचारलं, काय पाहिलंस? अठ्ठावीसांत एकटा जो दिसलं ते सांगतो, तो मी म्हणालो, मी खाली बघत होतो. हे खरं होतं, हेच वाईट. त्यांनी तेही लिहून घेतलं: 'सहाय्यकाने पाहिले नाही.' त्या क्षणी सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर बस पकडावी लागली असती. पण ज्या एका जागी आपल्याबद्दल एक चांगलं वाक्य बोललं गेलंय, तिथून बस पकडणं मला जमेना. आजवर सगळीकडून जमलं होतं.

पुढचा आठवडा मिस्टर डॉबरांनी कारण शोधण्यात घालवला. गुरांच्या कुंपणातली वीज बंद करून पाहिली. बीट नेणारे ट्रकवाले आपापसांत रेडिओवर बोलतात, त्यांना थांबवून त्यांच्या गप्पांचे नंबर घेतले. पाद्रीसाहेबांच्या दाराला नवी विजेची घंटा बसली आहे. ती मी दर अर्ध्या मिनिटाला अशी तीस वेळा वाजवली आणि ते शेतात काटा बघत उभे राहिले. पाद्रीसाहेब तीस वेळा दार उघडायला आले. शेवटी शेवटी त्यांनी मला नुसतंच 'देव तुझं भलं करो' म्हटलं, पण सुरात तसं काही नव्हतं. कशातही काही सापडलं नाही. तिकडे फळीवर सदुसष्टची जागा रिकामी. उडवून झाल्यावर चिमटा मी परत नेऊन ठेवला, असं मिस्टर डॉबरांनी धरलेलं. सिरिलने त्या नंबरच्या तिघा सभासदांना झोपडीत ओळीने उभं केलं, खिसे उलटे करायला लावले, आणि त्यांतले दोघं मेहुणे एकमेकांना 'घरातले चमचेही असेच जातात' वगैरे बोलले. आता त्यांच्या बायका रविवारी एकत्र जेवत नाहीत. चिमटा नाही तोवर सदुसष्ट बंद, असा सिरिलचा हुकूम. मला त्याने काही विचारलं नाही, कारण मी चिमटा घेतला तेव्हा त्याचं सगळं लक्ष लीकमध्ये होतं. उलट पाठीवर थाप मारून म्हणाला, बेट्या, तुझ्याकडे विमान नाही तेच सुखाचं.

छापायच्या आधी अहवाल कारखानदाराला दाखवायचा, ही मिस्टर डॉबरांची पद्धत. त्याप्रमाणे काल दुपारी माल्टबीबाई आल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसले. कारखानदाराला चहा देता येत नाही आणि त्याचा घेता येत नाही, म्हणून यांच्यापुढे यांची किटली, बाईंपुढे बाईंचा घरून आणलेला थर्मास. मी बटाटे सोलत होतो. बाईंनी अहवाल वाचला, खालचा 'घेऊ नये' वाचला, पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. तोवर त्या 'मिस्टर डॉबर' म्हणत होत्या. आता त्यांनी चष्मा काढला.

"ऑब्री, चिमटा कुठं होता?"

 मिस्टर डॉबरांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू अजून एखाद्यात सापडेल.

"आठवत नाही," ते म्हणाले. मग, "म्हणजे नव्हता."

त्यांनी अहवालावर एक आडवी रेघ ओढली आणि कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. मी चाकू हातात धरून उलटीकडून वाचत होतो. परीक्षकाने चिमट्याशिवाय उड्डाण केले. चाचणी रद्द. असा परीक्षक दुसऱ्यांची परीक्षा घेण्यास लायक नाही, सबब हा 'पडताळा'चा शेवटचा अंक. मावशी, सावकाश, वळणदार अक्षरात, जणू वाणसामानाची यादी. माल्टबीबाई म्हणाल्या, वेड्यासारखं काही करू नका. सेट पडला म्हणून छापा, मी दुसरा करीन. तुम्ही बंद केलंत तर आम्हाला खरं कोण सांगणार? ते लिहीतच राहिले. 'शेवटचा'मधल्या 'व'ला वळण देईपर्यंत मी थांबलो, त्यापुढे थांबवेना.

"चिमटा कॉर्नवॉलला आहे," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं. का ते नाही, काय दिसलं ते: सिरिलचा लीक, हनुवटीची खूण, खिसा, वामवाला, काटा, तुला पाठवलेलं पार्सल. ओळीने, काही न गाळता (एक गोष्ट सोडून). सांगून झालं. किटलीचं झाकण दोनदा खडखडलं. मला वाटलं, आता दार दाखवतील. मी चाकू खाली ठेवला, म्हणजे जाताना हातात यांचं काही नको.

"कॉर्नवॉल," मिस्टर डॉबर म्हणाले, आणि पेन्सिल घेतली. "किती पावलं?"

माल्टबीबाई एवढ्या हसल्या की त्यांच्या थर्मासचं बूच टेबलाखाली गेलं. ते शोधायला मी खाली वाकलो, आणि वर आलो तेव्हा मिस्टर डॉबर त्यांच्या थर्मासमधला चहा आपल्या कपात ओतून घेत होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. लक्षात आल्यावर ते दचकले, पण परत ओतला नाही. (छापावं लागणार आहे.)

असं आहे सगळं. गुडघ्यांना जप, टिंकरच्या कानात कोमट तेल घाल, आणि माझी काळजी करू नकोस. मला अजून घालवलेलं नाही.

तुझा,
जोरी

ता. क. शेवटच्या अंकाचा तो कागद अजून फाडलेला नाही, किटलीखाली आहे. मिस्टर डॉबर म्हणतात, तू सांगितलंस ते ऐकलं, पण सांगणं हा पुरावा नव्हे. चिमटा त्याच खिशातून, साक्षीदारासमोर निघाला पाहिजे. तो इथे आला तर रविवारी 'टिटवी'ची चाचणी पुन्हा, आणि मगच 'पडताळा' राहतो की जातो ते ठरेल. मी म्हणालो, माझी मावशी आयुष्यात खोटं बोललेली नाही. ते म्हणाले, मावशी म्हणजे तुमची बाजू; ज्याला तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं काही कारण नाही असं कुणी आहे का? मावशी, माझ्या तोंडून निघून गेलं: पोस्टातल्या मिस ट्रेझाइज. अकरा वर्षांपूर्वी चॅपलच्या चहाला त्या तुझ्या केशरी पावाबद्दल 'यात केशर नाही, रंग आहे' म्हणाल्या आणि तेव्हापासून तुम्ही एकमेकींशी बोलत नाही, हेही सांगितलं. मिस्टर डॉबरांनी घरात बसल्याबसल्या टोपी काढली. इतका स्वतंत्र साक्षीदार त्यांना एकोणीस वर्षांत मिळालेला नाही, म्हणाले. तर मावशी, कोट हातावर टाकून पोस्टात जा. 'गुड मॉर्निंग' तुलाच आधी म्हणावं लागेल. डाव्या खिशात हात मिस ट्रेझाइजनी घालायचा, चिमटा बाहेर काढायचा, 'सदुसष्ट, लाल रंगात' असं लिहून सही-शिक्का मारायचा आणि रजिस्टरने पाठवायचा. केशराचा विषय निघालाच तर शिक्का पडेपर्यंत ऐकून घे. मी फोनच केला असता, पण गावातला फोन त्यांच्याच टेबलावर आहे.

ता. क. गाळलेली एक गोष्ट. काटेरी तार वगैरे काही नव्हती. अस्तर मीच फाडलं, बटाट्याच्या चाकूने. चिमटा फळीवर ठेवावा तर सिरिल तिथून हलेना, चरात टाकावा तर हात होईना. कोट तुझ्याकडे पाठवायला काहीतरी कारण हवं होतं. तुझ्याकडे पाठवलेली वस्तू हरवत नाही, आणि तू फार विचारत नाहीस. (मलाही तुझ्याकडेच पाठवलं होतं, मीच की तो पुरावा.)

ता. क. उजव्या खिशात हात घातला तरी हरकत नाही असं वर लिहिलंय. घालू नकोस. चराकाठी अर्धा राहिलेला डुकराच्या मांसाचा पॅटिस आहे तिथे, कणकेच्या आवरणासकट. त्याला आता दहा दिवस झाले. कदाचित टिंकरचा कान एव्हाना बरा झाला असेल आणि पोट बिघडलं असेल.

ता. क. पाकीट बंद करायला घेतलं तर मिस्टर डॉबर म्हणताहेत, पुराव्याबद्दलचं पत्र संबंधिताने स्वतः बंद करू नये, आधी ते वाचणार. माल्टबीबाईंचं पान काढून ठेवावं म्हटलं, पण त्यांच्या सवयीने मी पानांना नंबर घालून बसलोय. देतो.

[खाली पेन्सिलने, वळणदार अक्षरात:]

वाचले. पाने सात, सर्व हजर. चर चारशे नऊ पावलांवर आहे, चारशे बारा नव्हे. आज सकाळी स्वतः मोजली. पान तीनवरील श्रीमती माल्टबी यांच्याविषयीचे विधान: चाचणी व्हायची आहे. पत्रलेखक: दुरुस्त होण्याजोगा.

ऑ. डॉबर